आटे धरले का?

लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून कापायच्या मशीनवर, काम शिकत होते तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी घरी आले ती पाठ धरूनच, नखांत काळं तेल. बहिणीनं विचारलं, "आज काय केलंस एवढं?" म्हटलं, "दिवसभर थ्रेडिंग." तिनं माझ्या भुवयांकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "दिवसभर? मग फरक कसा काहीच नाही?"

तिचं काही चुकलं नव्हतं. मराठीत बोलताना थ्रेडिंग म्हटलं की बहुतेकींना भुवयाच आठवतात. आणि खरं सांगायचं तर त्या शब्दावर पहिला हक्क त्यांचाच आहे, कारण तिथे खराखुरा दोरा असतो, पीळ घातलेला, एक टोक दातांत धरलेला. मी करत होते त्या थ्रेडिंगमध्ये दोरा औषधालाही नव्हता. पुढे काही वर्षांनी प्रोग्रामिंगकडे वळले. मुलाखतीत विचारलं गेलं, "थ्रेडिंगचा अनुभव आहे का?" मी उत्साहानं सांगितलं, "हो, लेथवर, सिंगल पॉइंट टूलनं. टॅपिंगही येतं." समोरचे दोघं एकमेकांकडे पाहून हसले. नोकरी मिळाली. त्या उत्तरामुळे की ते उत्तर असूनही, ते मी कधी विचारलं नाही.

क्रियेचं नाव थ्रेडिंग, पण पडतात ते आटे, नट-बोल्टवरचे पेच. वर्कशॉपमध्ये थ्रेड हा शब्द ड्रॉइंगवर असायचा, तोंडात नसायचा. आटे पाडायचे, आटे धरले का ते बघायचं, मग आवळायचं, आणि जास्त आवळलं की आटे गेले. पुढे ऑफिसात सगळे थ्रेड थ्रेड करायला लागले तेव्हा मला तो कोरा, नवाच शब्द वाटला. तिथेही कोणी धागा म्हणत नव्हतं. 'तो थ्रेड अडकलाय', 'याला वेगळा थ्रेड दे', असंच मराठी. त्यामुळे बरीच वर्षं माझ्या डोक्यात आटे एका खणात होते आणि थ्रेड दुसऱ्या. मग एकदा टॅपचा, म्हणजे भोकात आटे पाडायच्या हत्यारांचा, जुना डबा आवरायला काढला. त्यावर इंग्रजीत 'मेट्रिक थ्रेड' असं छापलेलं होतं. शेकडो वेळा पाहिलेला डबा. पण त्या दिवशी सकाळी मी प्रोग्राममधला एक अडकलेला थ्रेड सोडवून आले होते, म्हणून डबा हातातच राहिला.

इंग्रजीतला थ्रेड मुळात पीळ देण्यातून, वळण्यातून आलेला आहे. जर्मनमध्ये फिरवण्याला 'ड्रेएन' म्हणतात, तारेला 'ड्राट' म्हणतात, आणि लेथला 'ड्रेबांक'. सगळी एकाच घरची माणसं. मराठीनं नामं वेगळी ठेवली, दोरा वेगळा, आटे वेगळे. पण क्रियापद बघा: सूत कातायचं आणि लाकूडही कातायचं. लाकूड फिरवून त्याला गोल घाट देणारा तो कातारी, आणि त्याच्या हातून उतरलेला खांब कातीव. एखाद्या चेहऱ्याला आपण कातीव म्हणतो तेव्हा त्या चेहऱ्यामागे लेथ फिरत असतो, हे मला फार आवडतं. सुतार हा शब्द सूत्रधारावरून आला, म्हणजे मोजायची दोरी हातात धरणारा. आणि वर्कशॉपमध्ये इंचाच्या आठव्या भागाला अजूनही सूत म्हणतात. 'तीन सुती बोल्ट दे' म्हणणाऱ्या माणसाच्या मनात सुताचा मागमूसही नसतो. असो. सुतावरून स्वर्ग गाठायला निघाले, असं वाटायच्या आत खाली उतरते.

आटा म्हणजे नेमकं काय, हे कळायला एक कागद पुरतो. काटकोन त्रिकोण कापायचा, पायाची बाजू लांब, उभी बाजू आखूड. उभी बाजू पेन्सिलीला लावायची आणि कागद गुंडाळत जायचं. त्रिकोणाची तिरकी कड पेन्सिलीभोवती चढत गेलेली दिसते. तोच आटा. म्हणजे बोल्ट हा खरं तर एक घाट आहे, डोंगराभोवती वळणं घेत चढणारा, फक्त डोंगर बोटाएवढा. नट त्या रस्त्यानं चालत वर जातो. चढ इतका सौम्य ठेवलेला असतो की वरून कितीही दाबलं तरी नट घसरून खाली येत नाही. घर्षण त्याला जागेवर धरून ठेवतं. साध्या 6 मिलिमीटरच्या बोल्टवर नट एक पूर्ण फेरा फिरला की 1 मिलिमीटर पुढे सरकतो. त्याला पिच म्हणतात. अठरा-एकोणीस मिलिमीटर चालायचं तेव्हा एक मिलिमीटर चढ. एवढ्या आळशी रस्त्यावरून आपण इंजिनांची डोकी बांधून ठेवली आहेत.

आता टॅप. नटात किंवा ठोकळ्यात आतून आटे पाडायचे तर आधी भोक पाडतात आणि मग टॅप मारतात. 6 च्या आट्यासाठी 5 मिलिमीटरचं भोक. याहून लहान भोक घेतलं तर आटे उंच पडतील, जास्त मजबूत होतील, असं नवशिक्याला वाटतं. मला वाटलं होतं. प्रत्यक्षात आट्याची उंची तीन चतुर्थांशाच्या आसपास आली की पुढची वाढ ताकदीत फारशी दिसत नाही, हाताला मात्र दुपटीनं जाणवते. टॅपच्या सेटमध्ये तीन नग असतात. पहिल्याचं तोंड बरंच निमुळतं, दुसऱ्याचं कमी, तिसरा तळापर्यंत जाणारा. पहिला भोकात उभा करायचा, गुण्या लावून दोन बाजूंनी बघायचं, सरळ आहे ना. मग हलका दाब देऊन फिरवायचं. एक क्षण असा येतो की दाब द्यायची गरजच उरत नाही, टॅप स्वतःला आत ओढून घ्यायला लागतो. आमचे सर त्या क्षणी विचारायचे, "आटे धरले का?" डोळ्यांनी दिसत नाही ते. तळहाताला कळतं.

धरले की अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे का, तर कापलेला कीस तुटावा म्हणून. तो तुटला नाही तर खाचेत गोळा होतो, आणि भोक आरपार नसेल तर तळाशी दडपून बसतो. मी हे सगळं लिहून घेतलं होतं, तोंडपाठ होतं, आणि तरीही माझा पहिला टॅप मोडलाच.

पोलादाचा ठोकळा होता. चार दिवस त्यावर काम केलेलं. सहाही बाजू मिलिंग करून, घासून, मापात आणलेला. आटे पाडायचं काम जवळजवळ नेहमीच शेवटी येतं, हा या धंद्यातला दुष्टपणा आहे. आठ भोकं होती. सात झाली. आठव्यात टॅप थोडा कुरकुरला. ते मी ऐकलं. अजून अर्धा फेरा, मग मागे घेऊ, असं मनात म्हटल्याचंही आठवतं. हँडल किंचित स्प्रिंगसारखं लवलं आणि एकदम हलकं झालं. आवाज फार मोठा नव्हता, खडू मोडल्याएवढा. वर माझ्या हातात हँडल आणि टॅपचा अर्धा तुकडा, उरलेला अर्धा ठोकळ्याच्या पोटात. टॅपचं पोलाद इतकं कडक असतं की साधं ड्रिल त्याच्यावर नुसतं घसरतं. तो बाहेर काढायचा तर ठिणग्यांनी धातू खाणारं मशीन लागतं, ते आमच्याकडे नव्हतं. सरांनी ठोकळा उचलून उजेडाकडे धरला. ओरडतील असं वाटलं होतं. म्हणाले, "त्यानं सांगितलं होतं की नाही तुला?" मी म्हटलं, हो. "मग?"

हे 'मग?' मला पुढे प्रोग्रामिंगमध्ये फार वेळा आठवलं. कारण तिथे कोणी सांगतच नाही.

पण त्याआधी लेथ. बाहेरचे आटे लेथवर कसे पडतात हे पाहिल्याशिवाय प्रोग्राममधले थ्रेड मला कधीच नीट कळले नसते, असं मी अगदी मनापासून म्हणते. चकाच्या पकडीत जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फिरत असतो. खाली एक लांब स्क्रू असतो, लीड स्क्रू, तो चकाशी गिअरनं बांधलेला. टूल धरणारं कॅरेज त्या लीड स्क्रूला जोडलं की जॉबच्या प्रत्येक फेऱ्याला टूल ठरावीक अंतर सरकतं. 20 मिलिमीटरच्या बोल्टला पिच अडीच मिलिमीटर, खोली दीड मिलिमीटरच्या थोडी वर. ही खोली एका दमात निघत नाही. एक काप घ्यायचा, टूल मागे ओढायचं, कॅरेज सुरुवातीला न्यायचं, थोडं आत घेऊन पुन्हा काप. असं दहा-बारा वेळा. आणि दर वेळी टूल आधीच्याच खाचेत शिरलं पाहिजे. केसभर इकडे-तिकडे झालं की नवा काप जुन्या आट्याच्या माथ्यावरून जातो आणि बोल्टचा भंगार होतो.

कॅरेज लीड स्क्रूला जोडतो तो हाफ नट. मधोमध चिरलेला नट, कळ खाली केली की दोन्ही अर्धे लीड स्क्रूला मिठी मारतात. ही कळ केव्हा दाबायची याला महत्त्व. त्यासाठी शेजारी एक छोटी चकती फिरत असते, तिच्यावर आकडे कोरलेले. तुमचा आकडा खुणेसमोर आला की कळ दाबायची, आधी नाही, नंतर नाही. मला त्या चकतीकडे बघत उभं राहायला आवडायचं. तीन जातो, चार जातो, एक येतोय, येतोय, आता. आणि लीड स्क्रू इंचाच्या हिशोबाचा असून आटे मेट्रिक पाडायचे असतील तर ती चकती कामाची नाही. गुणाकार जुळतच नाही. मग एकच उपाय: हाफ नट एकदा लावला की शेवटच्या कापापर्यंत उघडायचाच नाही. टूल मागे ओढून अख्खं मशीन उलटं फिरवत सुरुवातीला न्यायचं. वेळ जातो, पण कोण कुठे आहे याचा हिशोब चुकत नाही.

आटे पाडायची ही रीत यायच्या आधी काय असेल याची कल्पना करून बघा. स्क्रू जुनाच. पाणी उपसायच्या स्क्रूला आर्किमिडीजचं नाव आहे, म्हणजे बावीसशे वर्षांपूर्वीचा काळ. पण एकसारखे दोन स्क्रू करणं ही वेगळीच गोष्ट. लंडनमध्ये हेन्री मॉड्सली यांनी 1800 च्या सुमारास स्क्रू कापायचा असा लेथ उभा केला की त्यावर तेच माप पुन्हा पुन्हा मिळायला लागलं. तोवर नट त्याच्या त्याच्या बोल्टलाच बसायचा; मशीन खोलताना जोड्या सांभाळून ठेवाव्या लागत. मॉड्सलींच्या हाताखाली काम केलेले जोसेफ व्हिटवर्थ यांनी पुढची पायरी घेतली. त्यांनी ब्रिटनमधल्या बऱ्याच वर्कशॉपमधून बोल्ट गोळा केले, मोजले, आणि त्यांचा मध्य काढून 1841 मध्ये सगळ्यांसाठी एक माप सुचवलं. आट्यांचा कोन 55 अंश. मला यातली सौम्य हुशारी आवडते. कोणाचंच पूर्ण बरोबर धरलं नाही, म्हणून कोणाला फार वाईट वाटलं नाही. 1864 मध्ये फिलाडेल्फियात विल्यम सेलर्स यांनी 60 अंश सुचवले, कारण तो कोन आखायला आणि घासायला सोपा. पाच अंशांचा फरक, डोळ्याला दिसतही नाही. पण त्या पाच अंशांपायी आणि वेगवेगळ्या पिचपायी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन बोल्ट एकमेकांना चालत नव्हते. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एक माप मान्य केलं ते 1948 मध्ये.

याहून जळजळीत उदाहरण बॉल्टिमोरचं. फेब्रुवारी 1904 मध्ये तिथे मोठी आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब धावून आले. पण बऱ्याच पाहुण्यांच्या नळ्यांचे आटे बॉल्टिमोरच्या नळांना बसेनात. पाणी आहे, माणसं आहेत, नळी आहे, आणि मधले चार आटे जुळत नाहीत. दीड हजारांच्या आसपास इमारती जळाल्या.

आता दुसरा खण उघडते. प्रोग्राम म्हणजे सूचनांची यादी, आणि कॉम्प्युटर ती एका ओळीमागून एक वाचत जातो. त्या वाचण्याच्या वाटेला थ्रेड म्हणतात. बोट ठेवून पोथी वाचतो ना, तसं. एकच पोथी, दोन माणसं आपापलं बोट वेगवेगळ्या ओळींवर ठेवून वाचतायत, तर थ्रेड दोन. हा शब्द या अर्थानं सापडतो तो 1966 मध्ये, एमआयटीतल्या जेरोम सॉल्टझर यांच्या पीएच.डी. प्रबंधात, आणि तिथे शब्द सुचवल्याचं श्रेय व्हिक्टर व्हिसॉत्स्की यांना दिलेलं आहे. तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न होता एका महागड्या मशीनवर अनेकांची कामं एकाच वेळी चालवायचा. चाळीस वर्षांनी, 2005 च्या आसपास, एका प्रोसेसरचा वेग वाढवणं उष्णतेपायी जवळजवळ थांबलं आणि एकाच चिपवर दोन, चार, आठ गाभे, म्हणजे कोर, यायला लागले. मग जो तो थ्रेड सोडायला लागला. त्या लाटेत मीही होते.

लेथवर मी केलेली चूक मला दिसली होती, हाताला लागली होती. थ्रेडमधली माझी पहिली मोठी चूक मला कित्येक आठवडे दिसलीच नाही. काम साधं होतं: प्रत्येक पावतीला पुढचा क्रमांक द्यायचा. शेवटचा क्रमांक वाच, त्यात एक मिळव, परत लिहून ठेव. मी तो कोड लिहिला, तपासला, दुसऱ्यांनी तपासला. महिनाभर ठीक चाललं. मग एक दिवस दोन पावत्यांवर एकच क्रमांक. पुन्हा बारा दिवस काही नाही. पुन्हा एकदा तसंच. मी रात्री बसून ओळ न् ओळ वाचली. सगळं सरळ.

सरळ होतंच, एका माणसासाठी. पण थ्रेड दोन होते. पहिल्यानं क्रमांक वाचला, 417. मिळवून 418 लिहायच्या आत त्याला बाजूला करून दुसऱ्याला पाळी मिळाली. त्यानंही वाचलं, 417. त्यानं 418 लिहून टाकलं. पहिला परत आला, त्याच्या मनात अजून 417 च, त्यानंही 418 लिहिलं. दोघंही बरोबर. टूल जुन्या खाचेऐवजी माथ्यावरून गेलं, पण ना कुरकुर, ना स्प्रिंगसारखं लवणं. पूर्ण शांतता, आणि दोन पावत्या.

हे पकडायला म्हणून मी मधे मधे नोंदी छापायला लावल्या, की कोण कधी आला, काय वाचलं. नोंदी छापायला लागल्यावर चूक यायचीच बंद झाली. छापायला वेळ लागतो, शिवाय छापतानाही थ्रेड एकामागे एक रांगेत उभे राहतात, त्यामुळे ती फट बुजली. नोंदी काढल्या की पुन्हा चालू. बघितलं की गायब होणाऱ्या अशा चुकीला या धंद्यात हायझेनबग म्हणतात. तेव्हा मला ते नाव ऐकून हसू आलं नव्हतं. शेवटी मी एक खेळातला प्रोग्राम लिहिला: दोन थ्रेड, एकच आकडा, दोघांनी त्यात एक लाख वेळा एक-एक मिळवायचा. उत्तर यायला हवं दोन लाख. दर वेळी कमी आलं, आणि दर वेळी वेगळं. तेव्हा कुठे ती चकती डोळ्यांसमोर आली. तीन जातो, चार जातो. मी कळ वाटेल तेव्हा दाबत होते.

यावरचे उपाय त्या चकतीइतकेच साधे दिसतात. डच संगणकशास्त्रज्ञ एडस्खर डायक्स्ट्रा यांनी 1960 च्या दशकात सेमाफोर आणला, रेल्वेच्या सिग्नलवरून घेतलेलं नाव: रुळावर एक गाडी असेल तर दुसरी थांबेल. कुलूप लावायचं, काम करायचं, कुलूप काढायचं. म्हणजे हाफ नट लावून ठेवायचा, काप पुरा होईपर्यंत उघडायचा नाही. वेळ जातो. पण माझ्या पावत्या त्यानंतर कधी दुहेरी झाल्या नाहीत.

कुलपं आली की मग त्यांचं दुखणंही आलं. एका थ्रेडनं पहिलं कुलूप धरलंय आणि त्याला दुसरं हवंय, दुसऱ्यानं दुसरं धरलंय आणि त्याला पहिलं हवंय. दोघंही जन्मभर उभे. याला डेडलॉक म्हणतात, आणि प्रोग्रामर या नावानं दचकतो. मला मात्र दर वेळी चेक नट आठवतो. हादरे बसणाऱ्या मशीनवर एका नटामागे दुसरा नट घालतात आणि दोघांना एकमेकांवर आवळतात. हा त्याला ढकलतो, तो याला, दोघंही हलत नाहीत. तिथे तेच हवं असतं. एका खणातला रोग दुसऱ्या खणात औषध म्हणून ठेवलेला.

असंच एक साम्य नटाच्या जाडीतही आहे. बोल्ट आवळला की सगळे आटे भार सारखा वाटून घेतात असं वाटतं. तसं होत नाही. बोल्ट ताणला जातो, नट दबतो, आणि साधारण एक तृतीयांश भार एकट्या पहिल्या आट्यावर येतो. म्हणून नट दुप्पट जाड केला की जोड दुप्पट मजबूत होत नाही. जीन ॲमडाल यांनी 1967 मध्ये कॉम्प्युटरबद्दल जे मांडलं त्याचं रूप फार वेगळं नाही: कामाचा दहावा भाग जरी एकट्यानंच करायचा असेल, तर बाकीच्यासाठी हजार थ्रेड लावा, वेग दहापटीच्या वर जाणार नाही. आमच्या ऑफिसात एकदा काम हळू चाललंय म्हणून थ्रेड आठाचे चौसष्ट केले गेले. ते आणखी हळू झालं. सगळे एकाच कुलपापाशी रांग लावून उभे होते.

इथवर सगळं हसत सांगता येतं. थेरॅक-25 चं नाही. कॅन्सरवर किरणोपचार करणारं मशीन. 1985 ते 1987 या काळात अमेरिका आणि कॅनडात त्यानं सहा रुग्णांना भयंकर जास्त किरणं दिली, त्यातले काही दगावले. एका प्रकारच्या अपघातात कारण होतं ते हेच, दोन कामांची वेळ न जुळणं. मशीन चालवणारी बाई पडद्यावर उपचाराची माहिती भरायची. चुकून एक्स-रेचं अक्षर दाबलं गेलं, तर वर जाऊन इलेक्ट्रॉनचं टाकायचं आणि पुढे. मशीनमधले चुंबक सेट व्हायला सुमारे आठ सेकंद लागत. त्या आठ सेकंदांच्या आत दुरुस्ती झाली, तर प्रोग्रामचा एक भाग ती बघत असे आणि दुसरा बघतच नसे. पडद्यावर एक, आत दुसरंच. नवख्या माणसाचा हात इतका भरभर चालत नाही, म्हणून तपासताना हे निघालं नाही. रोज तेच काम करून सरावलेल्या बोटांनीच ते आठ सेकंद गाठले. पडद्यावर आलं ते एवढंच: 'मालफंक्शन 54'.

आणि यातली जी गोष्ट मला झोपू देत नाही ती वेगळीच. आधीच्या मॉडेलमध्ये, थेरॅक-20 मध्ये, तशीच चूक प्रोग्राममध्ये होती. पण त्या मशीनला लोखंडी, विजेची अशी स्वतंत्र अडसरं होती. चूक व्हायची, फ्यूज उडायचा, लोक वैतागून नवा फ्यूज घालायचे. थेरॅक-25 मध्ये ती अडसरं काढून भरवसा प्रोग्रामवर टाकला गेला. जुनं मशीन कुरकुरत होतं. नव्याची कुरकुर काढून टाकली होती.

लेथ सोडून आता खूप वर्षं झाली. अजूनही थ्रेडचा कोड लिहिताना मी एक वेडेपणा करते. कुलूप घेण्याच्या ओळीपाशी आले की डावा हात टेबलावर असतो आणि तो नकळत खाली दाबला जातो, हाफ नटची कळ असावी तसा. शेजारी बसणाऱ्या मुलानं एकदा विचारलं, "ताई, हे काय करता?" त्याला सगळं सांगायचं म्हणजे अर्धा दिवस गेला असता. म्हटलं, आटे धरतात का बघतेय. त्याला वाटलं मी कणकेबद्दल बोलतेय.

टेबलावर एक शाईचं पेन असतं. त्याच्या टोपणाला तीन स्टार्टचे आटे आहेत. म्हणजे एकाऐवजी तीन आटे, तीन वेगळ्या ठिकाणांहून सुरू होऊन शेजारी शेजारी चढत जाणारे, कुठेही एकमेकांना न छेदणारे. त्यामुळे दोन फेऱ्यांच्या आत टोपण बसतं, एका आट्याचं असतं तर पाच-सहा फेरे फिरवत बसावं लागलं असतं. प्रोग्राममध्ये जे जमवायला मी आयुष्यातले इतके महिने घातले ते तिथे एक मिलिमीटर जाडीत शांतपणे पडलेलं आहे. फक्त एक आहे. टोपण तिघांपैकी कोणत्या आट्याला धरेल ते त्याला कसं लावलं यावर ठरतं, आणि त्याप्रमाणे क्लिप दर वेळी वेगळ्या बाजूला येते. क्लिप निबच्या रेषेत यावी असं मला वाटतं, ते तीनातून एकदा जमतं.

टोपण लावताना मी आधी थोडं उलटं फिरवते. आट्यांची तोंडं एकमेकांवरून घसरतात आणि बारीकसं 'टक' होऊन टोपण किंचित खाली बसतं. मग सुलट. आज क्लिप डावीकडे आली आहे. पुन्हा काढून बघते.